तान्ह्या बाळासाठी कापडी हत्ती: कापड निवडण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

तान्ह्या बाळासाठी खेळणं शिवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतात ते टिकल्यांचे डोळे, रंगीत बटणं, झालर आणि गळ्यातली रिबीन. बाळाला यातलं काहीच नको असतं. चार-पाच महिन्यांचं मूल हाताला लागेल ते आधी तोंडात घालतं, चोखतं, हिरड्यांनी चावतं. वर्षाचं झालं की तेच खेळणं एका कानाला धरून घरभर फरफटवतं. म्हणून ते ओलं झालं, ओढलं गेलं, आपटलं गेलं तरी त्यातून काहीही सुटून बाळाच्या तोंडात जाता कामा नये. पुढची प्रत्येक सूचना या एकाच गोष्टीसाठी आहे.

मी नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या बाळांसाठी बरीच वर्षं कापडी खेळणी शिवते आहे. नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणी जिथे अडतात त्या जागा मला आता ओळखीच्या झाल्या आहेत. त्यासाठी एकच नमुना घेऊन सगळं क्रमाने सांगते: बाजूने दिसणारा, दोन तुकड्यांचा हत्ती. हत्तीच का, तर त्याचे पाय जाड असतात, अंग गोल असतं आणि सोंड बाळाच्या मुठीत नेमकी मावते. सशाचे लांब कान किंवा जिराफाची मान उलटवताना नवख्या हातांना फार त्रास देतात. हत्ती तसा नाही.

मशीन असेल तर उत्तम, नसेल तर हाताने शिवा. सरळ टीप मारता येणं एवढंच भांडवल लागतं.

काय काय लागेल

- सुती कापड, ३६ इंची पन्ह्याचं, ३० सेंटिमीटर. पहिल्यांदा शिवत असाल तर अर्धा मीटर घ्या.
- अस्तरासाठी तेवढंच मांजरपाट किंवा जाडसर मलमल (जुनी साडी वापरणार असाल तर हे लागतंच)
- भरायला पॉलिस्टर फायबर, साधारण १०० ग्रॅम
- पॉलिस्टरचा दोरा, कापडाच्या रंगाचा
- भरतकामाचा सहा पदरी दोरा, काळा किंवा गडद तपकिरी
- मशीनसाठी १४ नंबरची सुई (कापड मलमलसारखं पातळ असेल तर ११ नंबर)
- हातशिलाईची मध्यम सुई आणि भरतकामाची सुई
- टाचण्या, मोजून बारा
- धुतल्यावर जाणारा खडू, टेप, कात्री, जाड कागद
- लोहचुंबक. फ्रीजवर लावायचं असतं तेही चालेल.

हे सगळं गावातल्या कापडाच्या आणि शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतं. मुंबईत मंगळदास मार्केटात किंवा पुण्यात रविवार पेठेत गेलात तर कापडाचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि खेळण्यासाठी ते पुरतात. फायबर मात्र पाव किलोची बंद पिशवी घ्या. गादीवाल्याकडे सुटा मिळतो त्यात कधी कधी जुना पिंजलेला माल मिसळलेला असतो, आणि तो बाळासाठी नको.

१. आधी बाळाचं वय ठरवा

वय माहीत नसताना शिवायला बसू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी खेळणं हलकं हवं, त्याच्या पकडीत येणारा भाग दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा हवा आणि रंगांत ठळक फरक हवा. अगदी लहान बाळाला फिकट गुलाबीवरचं फिकट पिवळं नीट दिसत नाही, पांढऱ्यावरचं काळं किंवा गडद लाल मात्र दिसतं. वर्षाच्या पुढच्या मुलाला थोडा मोठा, उचलून मिरवता येईल असा हत्ती आवडतो. इथे दिलेलं माप (लांबी २२ सेंटिमीटर, उंची १८) दोघांनाही चालतं.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर खालच्या वस्तू घरात कितीही पडून असल्या तरी वापरायच्या नाहीत: बटणं, मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू, लोकरीचे गोंडे, लांब केसांचं फर, चिकटवायचे डोळे. मागून चकती लावून बसवायचे प्लास्टिकचे डोळे ‘सेफ्टी’ नावाने विकले जातात, पण भोवतालचं कापड विरलं की चकतीसकट निघतात. तेही नकोत. नाडी, रिबीन, लोंबती दोरी यांना तर हात लावूच नका.

आणखी एक गोष्ट, जी खेळणं भेट देताना आईवडिलांना आवर्जून सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाळण्यात किंवा अंथरुणात मऊ खेळणं ठेवायचं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हाच आहे, कारण तोंडाशी आलेली मऊ वस्तू बाजूला करण्याची ताकद तान्ह्या बाळात नसते. हत्ती जागेपणी, कोणाच्या तरी नजरेसमोर.

२. कापड निवडा, आणि आधी धुवा

सुती कापड घ्या. पॉपलिन, केंब्रिक, फ्लॅनेल, मांजरपाट, यातलं कुठलंही चालेल. नवशिक्यांना पॉपलिन सर्वांत सोपं: सरकत नाही, ताणलं जात नाही, इस्त्री नीट बसते. सॅटिन आणि सिंथेटिक जॉर्जेट मशीनखाली पळतात. होजिअरीचं कापड मऊ असतं खरं, पण फायबर भरताना ताणलं जातं आणि हत्तीचं पोट एका बाजूला फुगतं. फेल्ट पाहताक्षणी मोहात पाडतं, कारण त्याच्या कडा उसवत नाहीत. पण बाजारात मिळणारं साधं फेल्ट ओलं करून चोळलं की त्याचे तंतू सुटतात. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला ते चालणार नाही.

खणाचा हत्ती फार देखणा होतो. पण खणाची कड कापल्याबरोबर विसविशीत होते आणि टीप धरत नाही. वापरायचाच असेल तर फक्त कानाच्या आतल्या बाजूला वापरा आणि मागे मांजरपाट लावा.

जुन्या साडीबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. आपल्याकडे बाळाची दुपटी, कुंची, गोधडी आजीच्या जुन्या लुगड्यातून होत आली, कारण शेकडो वेळा धुतलेलं सूत नव्या कापडापेक्षा कितीतरी मऊ असतं. खेळण्यालाही ते छान लागतं. अडचण एकच: जुनं सूत विरलेलं असतं. साडीचा कमरेजवळचा आणि निऱ्यांचा भाग टाळा, पदराच्या आतला किंवा मधला भाग घ्या. तुकडा दोन्ही हातांत धरून उभा आणि आडवा जोराने ताणा. टर्रकन फाटला तर तो हत्तीच्या कामाचा नाही. टिकला, तरी त्याच्यामागे मांजरपाटाचं अस्तर ठेवा आणि दोन्ही थर कडेने कच्च्या धावदोऱ्याने जोडून एकच कापड समजून शिवा. जरीचा काठ मात्र बाजूला काढा, जरीची तार बाळाच्या ओठांना टोचते.

नवं कापड न धुता कापणं ही नव्याने शिवणाऱ्यांची नेहमीची चूक. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. वरचं कापड आटलं आणि अस्तर नाही आटलं, की धुतल्यावर हत्तीच्या अंगाला सुरकुत्या पडतात आणि शिवण ताणली जाते. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी साध्या साबणाने धुऊन खळ घालवा, वाळवा, इस्त्री करा.

मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं पाण्याने ओलं करून कापडावर पंधरा-वीस वेळा दाबून घासा. फडक्यावर रंग उतरला तर कापड पुन्हा धुऊन बघा. दुसऱ्यांदाही उतरला तर ते कापड उशीच्या अभ्र्याला वापरा, बाळाच्या खेळण्याला नाही. गडद लाल, काळा आणि गडद निळा यांची ही परीक्षा कधीच चुकवू नका.

३. कागदावर हत्ती काढा

जाड कागदावर २२ × १८ सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि त्यात बाजूने दिसणारा हत्ती बसवा. चित्रकला येत नसली तरी अडत नाही, कारण भरल्यावर सगळ्या बारीक रेषा पुसल्या जातात आणि फक्त मोठा आकार उरतो. तीन मापं तेवढी सांभाळा.

सोंड कुठेही साडेचार सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. कागदावर ती बेढब, जाडजूड वाटेल. वाटू दे. शिवून, उलटवून, भरल्यावर ती बरोब्बर सोंडेसारखी दिसते. अरुंद सोंड उलटवता उलटवता शिवण फाटते.

पाय दोनच काढा, पुढचा आणि मागचा, प्रत्येकी सहा सेंटिमीटर रुंद.

दोन पायांमधली जागा कमानीसारखी गोल ठेवा. टोकदार कोन काढलात तर नेमकं तिथेच कापड खेचलं जाऊन उसवतं. सोंड आणि पुढचा पाय यांच्यामधली जागाही अशीच गोल.

हा कागद म्हणजे टिपेची रेषा आहे. त्यात माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचं जादा कापड, धरलेली नाही; ती आपण कापडावर सोडणार आहोत. कागदावर डोळ्याची जागा आणि कान जोडायची सहा सेंटिमीटरची उभी रेघ आखून घ्या. कानासाठी वेगळा तुकडा काढा: पिंपळाच्या पानाचं टोक गोल केलं तर जसं दिसेल तसा, साधारण ८ × ८ सेंटिमीटरचा, एक बाजू सरळ.

४. कापडावर आखा, पण आत्ता हत्ती कापू नका

कापडाचे २८ × २४ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. चौकोन सुताच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापा, उरेब (तिरकं) नको. उरेब कापड भरताना ताणतं आणि हत्ती वाकडा उभा राहतो.

पहिल्या चौकोनाच्या उलट्या बाजूवर कागद ठेवून आखा. दुसऱ्या चौकोनावर आखण्याआधी कागद पालथा करा. हे विसरलं की दोन्ही बाजू एकाच दिशेला तोंड करून तयार होतात आणि जोडताच येत नाहीत. साध्या कापडावर उलट-सुलट बदलून भागतं, छापील कापडावर नाही. आखून झालं की दोन्ही चौकोन उलट्या बाजू आत करून समोरासमोर धरा. सोंडेवर सोंड आली म्हणजे बरोबर.

डोळ्याची आणि कानाची जागा सुईने कच्चा टाका घालून सुलट बाजूवर उमटवून घ्या.

हत्तीच्या आकारात कापायचं नाही ते यासाठी, की कापलेल्या वळणावर नेम धरून टीप मारणं अवघड असतं. चौकोनी कापडावर आखलेल्या रेषेवरून टीप मारणं सोपं जातं, आणि टीप झाली की मग कापायचं. उलटा क्रम वाटतो, पण नवशिक्यांचा निम्मा त्रास याने वाचतो.

५. डोळे भरा

डोळे, गालावरचा ठिपका, नखं, जे काही भरतकाम करायचं ते दोन बाजू जोडण्याआधी करायचं. अशाने गाठी आत राहतात आणि बाळाच्या हाताला किंवा जिभेला लागत नाहीत.

सर्वांत सोपा डोळा म्हणजे मिटलेला डोळा: दीड सेंटिमीटरची अर्धगोल रेघ, उलट्या टिपेने (प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन) भरलेली. उघडा डोळा हवा असेल तर सेंटिमीटरभर वर्तुळ साखळी टाक्याने काढून आत गोल गोल साखळीनेच भरत जा. लांब भरीव टाके टाळा, बाळाचं नख त्यात अडकतं. सहा पदरांतले तीन पदर घ्या. सुरुवातीला आणि शेवटी गाठ मारून दोन-तीन टाके मागे फिरवा आणि दोऱ्याचं टोक मागच्या बाजूला सेंटिमीटरभर सोडा. गाठीशी टेकून कापलेला दोरा धुण्यात सुटतो.

दुसरी बाजू भरताना दोन्ही तुकडे शेजारी ठेवून डोळ्यांची उंची जुळवा.

६. कान दोनदा जोडा

कान हा या खेळण्याचा सर्वांत जास्त ओढला जाणारा भाग. म्हणून इथे घाई नको.

कानाचे चार तुकडे भोवती पाऊण सेंटिमीटर माया ठेवून कापा. दोन-दोन तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा, सरळ कड सोडून गोल बाजूने टीप मारा, उलटवा, इस्त्री करा. कानात फायबर भरायचं नाही. चपटा कान बाळाला चोखायला बरा पडतो आणि लवकर वाळतो.

आता कान हत्तीच्या सुलट बाजूवर ठेवा, पण मागे नाही, पुढे सोंडेकडे पडेल असा. त्याची उघडी कड आखलेल्या उभ्या रेघेवर आली पाहिजे. कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर टीप मारा, सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे करून पक्की करा. दिसणारी कड तीन मिलिमीटरपर्यंत छाटा. मग कान मागे वळवा म्हणजे कड त्याखाली झाकली जाईल, आणि दुमडीपासून पाऊण सेंटिमीटरवर दुसरी टीप मारा. कापलेली कड आता दोन टिपांच्या मधे बंद झाली. या कानाला धरून हत्ती गरगर फिरवला तरी चालतो.

दुसऱ्या बाजूचा कानही असाच लावा. मग दोन्ही कान हत्तीच्या अंगाच्या मध्याकडे दुमडून टाचणीने अडकवा. ते मोकळे राहिले तर जोडताना टिपेत सापडतात.

शेपटीसाठी ४ × १२ सेंटिमीटरची पट्टी नाडीसारखी लांबीत चार पदरी दुमडून कडेने शिवा. ती मधे दुमडून दोन्ही पदर एकमेकांना शिवून टाका, म्हणजे बाळाचं बोट अडकेल असा फास उरत नाही.

७. दोन बाजू जोडा

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा. शेपटी आतल्या बाजूला, तिची दोन्ही टोकं टिपेच्या रेषेबाहेर सेंटिमीटरभर येतील अशी ठेवा. सोंडेच्या टोकाला, पायांच्या तळाला आणि पाठीवर टाचण्या लावा आणि उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींवर आल्या आहेत ना ते बघा.

शेपटीखालच्या सरळ भागात सहा सेंटिमीटर जागा उघडी सोडायची आहे. तिच्या दोन्ही टोकांना खडूने ठळक खूण करा, नाहीतर ओघात पूर्ण गोल टीप मारली जाते. ही जागा वळणावर सोडू नका, वळणावरचं तोंड बंद करताना कापड गोळा होतं.

मशीनचा टाका दोन मिलिमीटरवर ठेवा. कपड्याला आपण ठेवतो त्याहून हा बारीक आहे, आणि तसाच हवा, कारण सैल टाक्यांतून फायबर बाहेर डोकावतं. सावकाश फिरा. वळणावर सुई कापडात खाली ठेवून दाबपट्टी उचला, कापड थोडं वळवा, पुढे चला. पूर्ण फेरी झाली की त्याच रेषेवर दुसरी फेरी मारा. शेपटीवरून तिसऱ्यांदा गेलात तरी हरकत नाही.

हाताने शिवत असाल तर धावदोरा पुरणार नाही. उलटी टीप घाला, सेंटिमीटरमध्ये निदान चार टाके, दोरा दुहेरी. दर पाच-सहा सेंटिमीटरवर एक गाठ मारून पुढे जा, म्हणजे कुठे टाका तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही.

८. कापा, खाचा द्या, उलटवा

टिपेपासून पाऊण सेंटिमीटर माया ठेवून हत्ती कापून घ्या. उघड्या तोंडापाशी माया दीड सेंटिमीटर ठेवा, बंद करताना ती उपयोगी पडते.

पायांमधली कमान आणि सोंडेखालची खोबण, या आतल्या वळणांना दर सेंटिमीटरला कात्रीने खाचा द्या, टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. खाचा दिल्या नाहीत तर उलटवल्यावर तिथे कापड ओढलेलं राहतं आणि कितीही इस्त्री केली तरी जात नाही. पाठ, डोकं, सोंडेचं टोक या बाहेरच्या वळणांची माया थोडी छाटली की पुरे. आणि खाच चुकून टिपेला लागली असेल तर उलटवण्याआधीच तेवढ्या भागात पुन्हा टीप मारा.

उलटवताना आधी सोंड, मग पाय. पेन्सिलची बोथट बाजू किंवा विणकामाच्या सुईचं बोंडाचं टोक आतून हलकेच फिरवा. कात्रीचं टोक वापरण्याचा मोह होतो. त्याने शिवण फाटते.

९. भरा, पण चिमूट चिमूट

फायबर मोठ्या गोळ्याने कोंबला की आत गाठी होतात आणि बाहेरून हाताला लागतात. मूठभर घ्या, बोटांनी पिंजा, चिमटीने आत सोडा. सर्वांत लांबचं टोक पहिलं: सोंड, मग पुढचा पाय, मग मागचा, मग डोकं आणि सगळ्यात शेवटी पोट. जिथे सोंड डोक्याला मिळते तिथे नीट घट्ट भरा, नाहीतर दोन दिवसांत सोंड मोडल्यासारखी लटकते. पोट मात्र थोडं सैल ठेवा. बाळाच्या दोन हातांनी दाबलं जावं इतपतच.

चांगला कापूस का नको, असं पुष्कळ जणी विचारतात. कापूस मऊ असतो, आपला असतो, आणि उशीत तो भरावाच. पण खेळणं वारंवार धुवायचं असतं. धुतल्यावर कापसाचे गोळे होतात आणि तो आतून वाळायला फार वेळ घेतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो वाळतच नाही, आत बुरशी धरतो, आणि तेच खेळणं बाळ तोंडात घालतं. सावरीचा कापूस त्याहून हलका, पण त्याचे तंतू शिवणीतून उडतात. कापडाच्या चिंध्यांनी हत्ती जड होतो. थर्माकोलचे दाणे तर कधीच भरू नका. शिवण उसवली की ते घरभर पसरतात आणि बाळाच्या नाकात जाऊ शकतात.

आत घुंगरू किंवा खुळखुळा घालावा असं वाटेल. बाळाच्या खेळण्यात घालू नका.

१०. तोंड बंद करा

दीड सेंटिमीटरची माया दोन्हीकडे आत दुमडा. सुईत दुहेरी दोरा ओवा आणि गाठ आत लपवा. एका बाजूच्या दुमडीत अर्धा सेंटिमीटर सुई चालवून बाहेर काढा, बरोबर समोरच्या दुमडीत तेवढीच चालवा, पुन्हा अलीकडे या. चार-पाच टाके झाले की दोरा ओढा: दोन्ही कडा जवळ येतात आणि टाके दिसेनासे होतात. तोंड बंद झालं की त्याच वाटेने उलट परत या. शेवटी दोन गाठी मारा, सुई हत्तीच्या अंगातून आरपार काढा, दोरा ताणून कापा. टोक आपोआप आत ओढलं जातं.

११. बाळाच्या हातात देण्याआधी

आधी टाचण्या मोजा. सुरुवातीला बारा होत्या, आता बारा हव्यात, सुयाही जितक्या घेतल्या होत्या तितक्याच. मग लोहचुंबक हत्तीच्या अंगावरून सगळीकडे सावकाश फिरवा. मशीनची सुई तुटली असेल तर तिचे सगळे तुकडे जुळवून बघा. तुकडा सापडला नाही तर तो हत्ती देऊ नका, उसवून फायबर बदला. यात सवलत घेऊ नका.

मग ओढा. दोन्ही हातांनी, अंगात असेल तेवढ्या जोराने: कान, शेपटी, सोंड, आणि प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजू. टिपेच्या रेषेत फट दिसली, आतलं पांढरं डोकावलं, तर तो भाग पुन्हा शिवा. आपल्या हातून आत्ता उसवलेलं बरं.

एखादा भाग सुटू शकेल अशी शंका असेल तर तो बाळाच्या घशात अडकण्याएवढा आहे का ते घरीच तपासता येतं. खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची. जाड कागदाची ११ सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, एक सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटवा. घेर १० सेंटिमीटर होतो आणि व्यास जवळजवळ तेवढाच. घरातली बाकीची खेळणीही या नळीतून एकदा तपासून बघा.

शेवटी धुवा. जाळीच्या पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात घालून, साध्या साबणाने, पंच्यात दाबून पाणी काढा आणि वाऱ्यावर वाळवा. वाळल्यावर पुन्हा एकदा सगळ्या शिवणी ओढून बघा. या धुण्यातून गेल्याशिवाय खेळणं भेट देऊ नये.

ज्यांना द्याल त्यांनाही सांगा: दर पंधरा दिवसांनी धुवा आणि धुताना शिवणीवरून बोट फिरवा. कापड विरून आतलं दिसायला लागलं तर ठिगळ लावू नका, ठिगळाची कडही सुटते. कागदी आकार जपून ठेवला असेल तर दुसरा हत्ती एका दुपारी होतो.

१२. विकायचा विचार असेल तर

भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. केंद्र सरकारच्या २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. कापडी खेळणीही त्यात येतात. न विजेच्या खेळण्यांसाठीचं मानक आयएस ९८७३: त्याच्या वेगवेगळ्या भागांत शिवणीची ताकद आणि छोटे भाग, कापड किती लवकर पेट घेतं, रंगातली शिशासारखी घातक द्रव्यं, यांच्या चाचण्या आहेत. परवाना आणि चाचणी यांचा खर्च घरगुती कामाला जड जातो हे खरं आहे.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला या सक्तीतून सूट दिलेली आहे. ही नोंदणी झाली की ‘पहचान’ नावाचं कारागीर ओळखपत्र मिळतं. आधार कार्ड, फोटो, बँकेचं पासबुक आणि आपल्या कामाचे नमुने तयार ठेवा. तुमचं काम या सवलतीत बसतं का, हे मानक ब्युरोच्या मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि तेही पहिली ऑर्डर घेण्याआधी. बचत गटाच्या नावाने विकणार असाल तर नोंदणी गटातल्या शिवणाऱ्या प्रत्येकीची हवी की कशी, तेही तिथेच विचारा.

सूट मिळाली तरी अकराव्या पायरीतल्या सगळ्या परीक्षा प्रत्येक नगावर करा, दहातल्या एकावर नाही.